वावर मागणारा माणूस

शेतकऱ्याजवळ धान्य मागा, तो पायलीभर देईल. पेरणीच्या दिवसांत बैलजोडी मागा, कुरकुर करत का होईना, एखादा दिवस देईल. पण वावर मागितलं तर? आमच्या वर्धा जिल्ह्यात धुऱ्यावरून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. माझ्याच घराण्यात हातभर धुऱ्यासाठी अकरा वर्षं केस चालली. वकिलाच्या फीमध्ये दोन एकर वावर गेलं आणि धुरा होता तिथंच राहिला. म्हणून विनोबांची गोष्ट मला नुसती साधुसंताची गोष्ट वाटत नाही. ज्या जमिनीपायी माणूस भावाचं डोकं फोडतो, तीच जमीन हा माणूस हात जोडून मागत देशभर पायी फिरला. आणि नवल असं, की लोकांनी ती दिली.

विनोबा म्हणजे विनायक नरहरी भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गागोदे गावचा. वडील बडोद्याला नोकरीला, म्हणून शिक्षण तिकडं झालं. पोरगा गणितात हुशार. पण एक दिवस त्यानं आपली सर्टिफिकेटं आईच्या चुलीत टाकली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाला, तो मधेच सुरतेला उतरला आणि काशीला गेला. तिथून गांधीजींच्या आश्रमात. माझं दहावीचं सर्टिफिकेट मी अजून ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवलंय, म्हणून या गोष्टीचं मला जास्तच अप्रूप.

आई रुक्मिणीबाई. तिला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हतं. मराठीतली सोपी गीता मिळेना, तेव्हा ती पोराला म्हणाली, तूच का करत नाहीस? आई १९१८ साली गेली. पोरानं ते बोलणं मनात धरून ठेवलं आणि १९३० च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गीतेचं मराठी करायला घेतलं. चार महिन्यांत ‘गीताई’ पुरी झाली. आमच्याकडं ज्या घरात दुसरं एक पुस्तक नाही, तिथंही देवळीत गीताई सापडते. पुढं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतलं. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं तुरुंगात जन्मलं.

वर्ध्याला ते १९२१ साली आले, जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून. १९३८ मध्ये पवनारला, धाम नदीच्या काठी राहायला गेले. १९४० साली युद्धाच्या विरोधात वैयक्तिक सत्याग्रह करायचं ठरलं, तेव्हा गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडलं. दुसरे नेहरू. तोवर देशाला हा माणूस फारसा ठाऊकही नव्हता.

मला त्यांच्या आयुष्यातला १९५० चा काळ फार महत्त्वाचा वाटतो. पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. म्हणजे पैशावाचून जगायचं, आपल्या हातानं पिकवायचं ते खायचं. शेती बैलांशिवाय, कुदळ-फावड्यानं. विहिरीचा रहाटसुद्धा माणसांनीच ओढायचा. पंचावन्न वर्षांचा, पोटाचा आजार असलेला माणूस पोरांबरोबर रहाटाला लागायचा. रहाटाला बैलाच्या जागी माणूस म्हणजे काय, हे ज्यानं विहिरीवर दिवस काढले त्यालाच कळेल. पुढं लोकांनी यांच्या शब्दावर जमिनी दिल्या, त्याचं एक कारण मला इथं दिसतं. मागणारा बिनकष्टाचा नव्हता.

१९५१ च्या मार्चमध्ये ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनाला निघाले, पायीच. तेव्हा तेलंगणात जमिनीवरून रक्त सांडत होतं. कम्युनिस्टांनी जमीनदारांविरुद्ध हत्यारं उचलली होती, मागून सरकारची फौज आली होती. दिवसा पोलिसांचं भय, रात्री दुसऱ्यांचं, आणि मधे गरीब माणूस. संमेलन झाल्यावर विनोबा त्याच मुलखात शिरले. १८ एप्रिलला नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत हरिजनांनी त्यांच्याकडं ऐंशी एकर जमीन मागितली. चाळीस ओलिताची, चाळीस कोरडवाहू. विनोबांजवळ कुठली जमीन? त्यांनी गावकऱ्यांनाच विचारलं, तुमच्यातलं कोणी देईल का? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. त्या ५१ दिवसांच्या फिरण्यात १२ हजार एकरांवर जमीन मिळाली.

पुढं तेरा वर्षं हा माणूस चालत राहिला. मागायची रीत साधी. तुम्हाला पाच पोरं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. हे बोलणं शेतकऱ्याला बरोबर लागायचं. दान म्हटलं की देणारा मोठा होतो. वाटा म्हटलं की ते घरचं होतं. भाऊ वाटा मागतो तेव्हा आपण भांडतो, पण त्याचा हक्क नाही असं काही आपण म्हणत नाही.

तेव्हा आमचा विदर्भ मध्य प्रदेशात होता. त्या सरकारनं १९५३ साली भूदानाचा कायदा केला. देशभरात चाळीस लाख एकरांवर जमीन कागदावर आली, त्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या बिहारातून. ठरवलं होतं मात्र पाच कोटी एकर. आता खरं तेही सांगितलं पाहिजे. मिळालेल्यात पुष्कळशी जमीन खडकाळ, बरड, कुठं भांडणातली. काहींनी दिली आणि पोरांनी परत दाबली. बरीच जमीन वाटलीच गेली नाही. म्हणून शिकलेले लोक भूदान फसलं म्हणतात. हिशेबानं पाहिलं तर ते खोटं नाही. पण बंदूक न दाखवता, लिलाव न करता इतकी जमीन हातची सुटल्याचं दुसरं उदाहरण मला कोणी दाखवलेलं नाही.

जमिनीसारखीच त्यांनी बंदुकाही खाली ठेवायला लावल्या. १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढं हत्यारं ठेवली. मार खायचीही तयारी होती. १९५३ साली बिहारात वैद्यनाथधामच्या देवळात हरिजनांना घेऊन गेले, तर पंड्यांनी मारहाण केली. १९५८ साली पंढरपूरला मात्र इतर धर्मांच्या माणसांनाही सोबत घेऊन विठ्ठलाचं दर्शन झालं. आम्हा वारकऱ्यांना ही गोष्ट फार मोठी.

आणीबाणीच्या वेळी त्यांनी ‘अनुशासन पर्व’ असे शब्द वापरले, ते पुष्कळांना खटकले. भूदानासाठी जीवन वाहिलेले जयप्रकाश तेव्हा कैदेत होते. आमच्याकडं पारावर यावर अजून दोन मतं आहेत. मला स्वतःला ते बोलणं पटलं नाही. पण तेरा वर्षांची चाल एका शब्दापायी पुसायलाही मन धजत नाही.

१९८२ च्या नोव्हेंबरात त्यांनी अन्न-पाणी, औषध सोडलं आणि १५ तारखेला, ऐन दिवाळीत, पवनारला देह ठेवला. मी तेव्हा बाविशीत होतो. आमच्या गावची माणसं कापूस वेचणी सोडून तिकडं गेली होती. वेचणी सोडून आमच्याकडं कोणी सहसा कुठं जात नाही.

आमच्या शिवारात भूदानाचा साडेतीन एकरांचा तुकडा आहे. देणारा गेला, घेणारा गेला. आता नातू कसतो. अर्धी जमीन मुरमाड, तरी पराटी आणि तूर बरी येते. ही जमीन विकायची नाही आणि पडीक ठेवायची नाही, अशी अट. मधे मोठा रस्ता आला, भाव चढले, प्लॉटवाले दारोदार फिरले. आजूबाजूच्यांनी वावरं विकली. पैसा घरात आला तसा गाड्यांत आणि लग्नांत गेला, आणि त्यातले दोघं आज दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातात. भूदानवाल्याला विकताच येत नव्हतं, म्हणून त्याचं वावर राहिलं. आमच्याकडं पोरं म्हणतात, ‘वावर हाय त पावर हाय.’ त्या साडेतीन एकरांच्या सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे, त्याच्या आज्याजवळ स्वतःचा एक गुंठाही नव्हता.