बाबूराव पेंटर : सिनेमा सोडून पुन्हा कुंचल्याकडे वळलेले कोल्हापूरचे चित्रकार

बाबूराव पेंटर हे नाव निघालं की पहिल्यांदा सिनेमा आठवतो. ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’, ‘सैरंध्री’, ‘सावकारी पाश’, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल. पण त्यांच्या नावातच त्यांचा मूळ धंदा आहे. ते आधी चित्रकार होते आणि सिनेमाची धामधूम संपल्यावर, चाळिशीत, पुन्हा चित्रांकडेच वळले. विशेष म्हणजे कोणत्याही कला महाविद्यालयाची पायरी त्यांनी चढलेली नव्हती.

वय झाल्यावर रंग हातात घेणाऱ्यांना एक प्रश्न नेहमी पडतो. शिक्षण नाही, तरुणपण गेलं, आता स्वतःचं असं काही सापडेल का? बाबूरावांची गोष्ट या प्रश्नाच्या जवळ जाते, आणि तिचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

‘पेंटर’ हे आडनाव आलं कुठून?

त्यांचं खरं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घरात कारागिरी होती. लाकूड, धातू, कोरीवकाम हे सगळं लहानपणापासून डोळ्यांसमोर होतं. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी नाटकांचे पडदे रंगवायला सुरुवात केली. दोघांची कामं इतकी गाजली की लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणूनच ओळखू लागले. मेस्त्री मागे पडलं आणि धंद्याचं नाव कायमचं चिकटलं.

तो संगीत नाटकांचा बहराचा काळ होता. केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’सारख्या कंपन्यांना नाटकागणिक देखणे पडदे लागत. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ. पडदा वर जाताच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात इतकी त्यांची किंमत होती.

शाळेत न जाता शिकले, म्हणजे नेमकं कसे?

‘स्वयंशिक्षित’ या शब्दाचा आपण बऱ्याचदा चुकीचा अर्थ घेतो. कुणीच काही शिकवलं नाही, सगळं आपोआप आलं, असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात पाहून, नक्कल करून आणि चुका करत शिकणं म्हणजे स्वयंशिक्षण.

त्या काळच्या कोल्हापुरात पाहण्यासारखं बरंच होतं. आबालाल रहिमान याच शहरात काम करत होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. कोटीतीर्थ आणि रंकाळ्याच्या परिसरावर त्यांनी जीव लावला आणि १९३१ साली निधन होईपर्यंत चित्रं काढली. शिवाय राजा रविवर्मा यांची छापील चित्रं १८९४ नंतर घराघरांत पोचली होती. स्वतः रविवर्माही तैलरंग पाहूनच शिकले. त्रावणकोरच्या दरबारात आलेला थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार त्यांना शिकवायला तयार नव्हता. त्यानं फक्त काम करताना बघायची परवानगी दिली.

पडदा आणि तैलचित्र यांत फरक काय?

रंगभूमीच्या पडद्यांसाठी साधारणपणे भुकटीचे रंग सरसात कालवून वापरत. हा रंग झटपट वाळतो आणि वाळला की फिका पडतो. म्हणजे ओला असताना दिसतो त्यावर विसंबून चालत नाही, वाळल्यावर कसा दिसेल याचा अंदाज आधीच असावा लागतो. शिवाय पडदा प्रचंड मोठा आणि बघणारा लांब बसलेला. बारकावे वाया जातात. मोठे आकार, उजेड आणि सावली यांवर सगळी मदार.

तैलरंगाचं गणित उलटं आहे. यात रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटलेली असते. चटणीसाठी घरात येतं तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. म्हणून पातळ थर वाळायलाही काही दिवस लागतात, जाड थराला त्याहून कितीतरी जास्त. हा उशीरच चित्रकाराच्या कामी येतो. काल लावलेला रंग आज थोडा हलवता येतो, गालावरचा उजेड सावलीत अलगद मिसळता येतो, चुकलं तर खरवडून पुन्हा लावता येतं.

पडदे घाईनं आणि दुसऱ्याच्या मागणीप्रमाणे रंगवायचे. तैलचित्र थांबून, बघून, बदलत करायचं. बाबूरावांच्या आयुष्यात या दोन्ही पद्धती आल्या आणि मध्ये सिनेमा आला.

सिनेमाची वर्षं वाया गेली का?

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि या दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता, म्हणून तो स्वतःच बनवायचं ठरलं. काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचं निधन झालं. बाबूरावांनी दामले यांच्या मदतीनं चिकाटीनं काम पुढे नेलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू केला. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ झळकला. १९२५ चा ‘सावकारी पाश’ तर देवादिकांना सोडून थेट सावकाराच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याकडे वळला.

या काळात कुंचला सुटला नव्हता. चित्रीकरणाआधी ते पात्रांची, वेशभूषेची, हालचालींची रेखाटनं करत. पोस्टरं स्वतः रंगवत. त्यांनी केलेलं ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या चित्रपटाचं पोस्टर हे भारतातलं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं सिनेमा पोस्टर मानलं जातं.

आणखी एक गोष्ट. त्या काळी सर्रास वापरली जाणारी फिल्म तांबडा रंग जवळजवळ काळा दाखवायची. त्यामुळे पडद्यावर रंगाला अर्थ नव्हता, अर्थ होता तो फक्त उजेड किती आणि अंधार किती याला. आज चित्रकलेच्या वर्गात विद्यार्थ्यांना डोळे किलकिले करून चित्रातले फिके-गडद भाग तपासायला सांगतात. बाबूरावांनी तोच रियाज कॅमेऱ्यामागे दहाएक वर्षं केला.

चाळिशीत काय बदललं?

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी ‘प्रभात’ उभी केली. पाठोपाठ बोलपट आले. बाबूरावांना आवाजाची फारशी ओढ नव्हती. दृश्यातून बोलायची जी भाषा इतक्या वर्षांत घडवली, ती संवादांच्या गोंगाटात हरवेल असं त्यांना वाटत होतं. कंपनी बंद पडली आणि ते चित्र-शिल्पांकडे परतले. अधूनमधून सिनेमे केले. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ची बोलपट आवृत्ती, १९५२ मध्ये ‘विश्वामित्र’. पण मुक्काम आता चित्रं आणि पुतळे यांतच होता.

‘जलवाहिनी’, ‘लक्ष्मी’, ‘सरस्वती’ ही त्यांची गाजलेली चित्रं. विषय ओळखीचे आहेत, पाणी नेणारी बाई किंवा घरातल्या भिंतीवरची देवी. पण नाटकाच्या पडद्यावर लागणारा भडकपणा इथं नाही. रंग सौम्य आहेत आणि आकृती शांत. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची गरज आता उरली नव्हती.

शिल्पातही तेच. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला शिवाजी महाराजांचा पुतळा १९४५ साली बसला तेव्हा तो घडवणारे बाबूराव पंचावन्नच्या आसपास होते. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचं निधन झालं.

यात एक चटका लावणारी गोष्ट आहे. ज्या मूकपटांनी त्यांना नाव दिलं, त्यांतले बहुतेक नष्ट झाले. एखाद-दुसऱ्याचे तुकडे तेवढे राहिले. जुना धंदा म्हणून ज्याकडे ते परतले, ते चित्रांचं काम मात्र डोळ्यांनी बघता येतं.

उशिरा रंगात रमलेले आणखी कोण?

बाबूरावांकडेच शिकलेले कोल्हापूरचे अभिनेते चंद्रकांत मांढरे पडद्यावर नायक म्हणून गाजले. चित्रकला त्यांनी आयुष्यभर जपली. उतारवयात तर त्यांचं नाव पावडर शेडिंगच्या निसर्गचित्रांशी जोडलं गेलं. पुढे राजारामपुरीतलं ‘निसर्ग’ हे आपलं घर त्यांनी चित्रांसकट महाराष्ट्र शासनाला दिलं.

रवींद्रनाथ टागोरांनी साठीनंतर चित्रकला गांभीर्यानं घेतली आणि त्यांचं पहिलं प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला भरलं. अमेरिकेत ग्रँडमा मोझेस या शेतकरी आजींनी सत्तरी उलटल्यावर कुंचला हाती घेतला आणि ऐंशीव्या वर्षी त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं.

या सगळ्यांत एक धागा सारखा आहे. कुणीही कोऱ्या पाटीनं सुरुवात केली नव्हती. रवींद्रनाथांची चित्रं हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून उगवली. मोझेस आजी आधी लोकरीनं भरतकाम करत, सांधेदुखीमुळे सुई धरवेना म्हणून त्या रंगांकडे वळल्या. बाबूरावांजवळ पडद्यांची आणि कॅमेऱ्याची शिदोरी होती. उशिरा सापडलेला सूर बहुतेक वेळा आधीच्या कामातच दडलेला असतो. शिवण, सुतारकाम, शेती, शिकवणं, काहीही. त्या कामानं डोळ्याला आणि हाताला जी सवय लावलेली असते, तीच पुढे चित्रात उतरते.

घरच्या घरी तैलरंग शिकायचे असतील तर

• खालचे थर टर्पेंटाइननं पातळ करून लावा, वरचे थर जास्त तेलाचे ठेवा. उलटं केलं तर वरचा थर आधी आवळतो आणि पुढे भेगा पडतात.
• कॅनव्हासला आधी अस्तर द्या. कोऱ्या कापडावर तेल थेट लागलं तर कापड हळूहळू कुजतं.
• कोल्हापूरच्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत चित्रं भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागून वारा खेळला नाही तर बुरशी धरते.
• टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेवा. तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि अशा चिंध्या आपोआप पेटू शकतात.
• सुरुवातीला पांढरा, काळा आणि एखादा मातकट रंग एवढ्यावरच काम करा. उजेड-सावली जमली की बाकीचे रंग जड जात नाहीत.

कोल्हापुरात काय बघता येईल?

टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात आबालाल रहिमान यांच्यासह कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रं आहेत. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांचं कलादालन आहे. बाबूरावांची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. आणि शिवाजी चौकातून जाताना मान वर केली की त्यांच्या हातचं काम समोरच दिसतं.