अग्रक्रमाची परिभाषा : ट्रंक कॉलपासून बिनतारी जाळ्यापर्यंत

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती; साहजिकच या नव्या वसाहतीतील मराठी कुटुंबांचे नागपूरशी नाते जुनेच होते. १९६० मध्ये लखनौ–कानपूर दरम्यान एस.टी.डी. सुरू झाली, तरी देशात अन्यत्र परगावचे संभाषण दीर्घकाळ ट्रंक कॉलवर अवलंबून राहिले. तारा मोजक्या आणि बोलू इच्छिणारे अनेक. म्हणून ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ आणि ‘लाइटनिंग’ असे तीन वर्ग होते. लाइटनिंगचा दर साध्या कॉलच्या आठपट असे. प्रतीक्षा कोणी करावी हे पैशावर ठरे. मात्र वर्ग आणि त्याची किंमत ग्राहकाला ठाऊक असे.

संगणक-जाळ्यांतील ‘सेवेच्या गुणवत्ते’चा प्रश्न तत्त्वतः हाच आहे. इंटरनेट प्रोटोकॉलच्या १९८१ च्या मसुद्यात प्रत्येक पुडक्याच्या शीर्षभागी अग्रक्रमासाठी तीन बिट राखून ठेवलेले आढळतात. त्या श्रेणींची ‘रूटीन’, ‘प्रायॉरिटी’, ‘इमीजिएट’, ‘फ्लॅश’ ही नावे अमेरिकन लष्करी संदेशव्यवहारातून आली. घाईसाठी ट्रंक कॉलने आणि लष्करानेही विजेचीच प्रतिमा निवडावी, हे साम्य लक्षणीय आहे. व्यवहारात मात्र जाळे ‘बेस्ट एफर्ट’ तत्त्वावर चालले. मराठीत यासाठी ‘यथाशक्ती’ हा शब्द अधिक अर्थवाही ठरतो : प्रयत्न होईल, हमी नाही.

ध्वनी आणि चित्र वाहू लागताच ही यथाशक्ती अपुरी पडली. पत्र क्षणभर उशिरा पोहोचले तरी चालते. संभाषणातील शब्द उशिरा आला की संवाद तुटतो. १९९४ मध्ये मांडलेल्या ‘इंटिग्रेटेड सर्व्हिसेस’ या आराखड्याने मार्गाचे आरक्षण सुचविले. १९९७ च्या आरक्षण-प्रोटोकॉलचे ‘आर.एस.व्ही.पी.’ हे लघुरूप निमंत्रणपत्रिकेवरील फ्रेंच विनंतीची आठवण करून देते. परंतु प्रत्येक प्रवाहाची नोंद प्रत्येक राउटरने ठेवणे मोठ्या जाळ्यात अवघड ठरले. १९९८ च्या ‘डिफरन्शिएटेड सर्व्हिसेस’ने म्हणून व्यक्तिगत आरक्षणाऐवजी वर्गवारी स्वीकारली.

बिनतारी जाळ्यात अडचण आणखी मूलगामी आहे. तेथे अवकाश सामायिक असतो. कोण केव्हा बोलेल हे काहीसे यदृच्छेवर राहते. २००५ च्या वाय-फाय मानकाने ध्वनी, चित्र, सामान्य आणि पार्श्वभूमी असे चार वर्ग केले व वरच्या वर्गाला कमी प्रतीक्षा दिली. ही हमी नव्हे, केवळ वाढविलेली शक्यता होय.

भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्ये आशयानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. २०१८ मध्ये शासनाने जाळ्याच्या तटस्थतेचे तत्त्व मान्य केले. त्यात विशेष सेवांचा अपवाद ठेवला. वर्गवारी संपली नाही, ती नियमबद्ध झाली. भिलाईच्या नेहरू नगरातील एखाद्या घरात आज एकाच बिनतारी संचावरून ऑनलाइन वर्ग, चित्रपट आणि पत्र वाहत असतात. त्यांपैकी कोणी थांबावे याचा निर्णय पुडक्यांच्या शीर्षभागी, वाचणाऱ्याच्या दृष्टीआड होतो. ट्रंक कॉलच्या काळात विषमता होती, पण तिचे नाव ग्राहकाला स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागे. परिभाषेचा हा इतिहास म्हणूनच केवळ तंत्राचा नव्हे, प्रतीक्षेच्या वाटपाचाही इतिहास ठरतो.