सूर जुळवणाऱ्याची वाट

पावसाळ्यात तबला उतरतो आणि उन्हात चढतो, हे भजनी मंडळातल्या पोरालाही ठाऊक असते. हातोडीचे चार ठोके घातले की काम भागते. पण ज्या वाद्याला सव्वादोनशेच्या आसपास तारा, आणि सूर जुळवणारा मात्र शेकडो मैलांवर, त्याचे काय करावे? ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात पियानो घेऊन गेलेल्या कुटुंबांपुढे हाच प्रश्न होता.

हे वाद्य तिकडे गेले ते पहिल्या गोऱ्या वसाहतवाल्यांबरोबर. १७८८ साली ‘सिरियस’ जहाजावरच्या जॉर्ज वॉर्गन या शल्यवैद्याने एक पियानो नेला. शंभर वर्षांनी मेलबर्नचे प्रदर्शन पाहून गेलेल्या ऑस्कर कोमेतां या फ्रेंच संगीतज्ञाने देशात सात लाख पियानो असल्याचे लिहिले. आकडा फुगवलेला असेल. पण पियानो घराची प्रतिष्ठा होता, हे खरे. देश आपल्या महाराष्ट्राच्या पंचवीस पट, आणि १९०१ च्या खानेसुमारीत वस्ती जेमतेम ३८ लाख. तीतही मूळच्या आदिवासींची गणती धरलेली नव्हती.

आता अडचण पाहा. तारांच्या खुंट्या लाकडी फळीत घट्ट बसवलेल्या असतात. कोरड्या, तापल्या हवेत ती फळी आकसते, खुंटी ढिली पडते आणि तार उतरते. सिडनीच्या बील कारखान्याने यावर तोड म्हणून लाकडाऐवजी लोखंडाची रचना काढली. तरी तार ती तारच. ताणाखाली ती सैल व्हायचीच.

म्हणून जुळवणाऱ्याला हिंडावे लागे. आगगाडी संपली की घोडागाडी, पुढे मोटार. थैलीत खुंट्या पिळायची किल्ली, बनातीची पट्टी आणि एक स्वरकाटा. काट्यावरून एक स्वर घ्यायचा, बाकीचे कानाने. बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा. दोन दाबून एक जुळवायची, मग दुसरी तिच्याशी मिळवताना आवाजातली लहर थांबेपर्यंत ऐकायचे.

खरी कसोटी पुढेच होती. वर्षानुवर्षे उतरलेली जुनी तार एकदम ओढली तर तुटते, आणि नवी तार मिळायची कुठे? अशा वेळी शहाणा कारागीर सगळे वाद्य थोडे खालच्या सुरातच ठेवी, पण आपसांत नीट जुळवून देई. घरातल्या मुलीचा कान निदान बेसुराला सरावत नसे.

पुढे ग्रामोफोन आणि रेडिओ आले, पियानोचा मान ओसरला. पण गोष्ट आपल्याही उपयोगाची आहे. वाद्य पैसे टाकून एकदाच आणता येते; ते सुरात राखणारा माणूस मात्र पुन्हा पुन्हा यावा लागतो. गुरुजी, आपल्या शाळेतली पेटी बिघडली, तर ती दुरुस्त करणारा किती मैलांवर आहे आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकतो आहे का, याची एकदा चौकशी करून पाहा.