परक्या शहरांतील आपुलकी

महानगरांतील एकलेपण ही आजच्या काळाचीच देणगी आहे, असें अनेकांस वाटतें. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. मुंबईंत पहिली कापडगिरणी १८५४ सालीं स्थापन झाली व १८५६ सालीं चालूं झाली. पुढें कोंकण आणि घाटावरून गिरणगांवाकडे माणसांचा जो ओघ लागला, तो मुख्यतः एकट्या पुरुषांचा होता. १९२१च्या शिरगणतींत मुंबईंतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरली. बायकापोरें गांवीं, जमिनीचा तुकडा गांवीं, आणि अंग तेवढें मुंबईंत, अशी ही वस्ती होती.

ह्या माणसांनीं एकाकीपणा सोसला तो मुख्यतः गांवकीची खोली, खानावळ आणि भजनमंडळी ह्यांच्या आधारानें. एका गांवचे अनेकजण मिळून चाळींत खोली घेत. पाळ्या निराळ्या असल्यानें एकजण कामावरून परते, तेव्हां दुसरा अंथरूण सोडी. नवख्यास तेथें पथारी मिळे, गिरणींत वशिला मिळे, मनिऑर्डर लिहून देणारा हात मिळे. जेवण खानावळवाल्या बाईकडे, पगार होईपर्यंत उधारीवर. ह्याच बायांस १९७५ सालीं प्रेमा पुरव ह्यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळांत एकत्र आणिलें.

परंतु ह्या आपुलकीस कुंपणही होतें. गांवकीची खोली बहुधा एका जातीचीही असे. धोट्यांतून सूत तोंडानें ओढून घ्यावें लागे, म्हणून विणकामखात्यांत अस्पृश्यांस मज्जाव होता; १९२८च्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न उघडपणें मांडला. ज्या दारानें एकास आसरा दिला, त्याच दारानें दुसऱ्यास बाहेर ठेविलें.

नाशिक जिल्ह्यांतील पेठ तालुक्याकडे पाहतांना हा इतिहास आम्हांस आठवतो. भात-नागलीचें पीक निघालें कीं तेथील कोंकणा, महादेव कोळी व वारली कुटुंबें नाशिककडे द्राक्षबागांत आणि इमारतींच्या कामावर जातात. गिरणी एका जागीं उभी होती, म्हणून तिच्याभोंवतीं खोली आणि खानावळ उभी राहिली. ह्या कुटुंबांचा मुक्काम कामाबरोबर हलतो. शेजार जुळण्यापूर्वींच बिऱ्हाड उचलावें लागतें. परकें शहर आपलेंसें करण्याची हिंमत माणसांत असते. पण तिला टेकावयास चार हात स्थिर जागा लागते. ती जागा, जात न विचारतां, उपलब्ध करणें हें शहराचें कर्तव्य आहे, असें आम्ही समजतों.