पाय विसाव्याला, हात मेहनतीला

दमसास वाढवायचा म्हटला की पायांचेच व्यायाम आठवतात: धावणे, चालणे, सायकल, दोरीवरच्या उड्या. पाय प्लॅस्टरमध्ये असला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असली किंवा कमरेखालची हालचालच गेली असली, तर ही वाट बंद होते. अशा वेळी हात, खांदे, छाती आणि पाठ यांच्याकडून काम करवून हृदय व फुप्फुसे कामाला लावता येतात. आज फिजिओथेरपी विभागात सर्रास दिसणारा हा उपाय रुळला तो गेल्या शतकात, तोही मुख्यतः लढाईत जायबंदी झालेल्या सैनिकांमुळे. त्या इतिहासातले एक ठळक पान सांगली जिल्ह्यातल्या एका जवानाचे आहे.

हातांची मेहनत महाराष्ट्राला नवी नव्हती. तालमींमध्ये मुद्गल, जोडी आणि करेला फिरवण्याची परंपरा जुनी आहे. मुद्गल खांद्यावरून पाठीमागे सोडायचा, वर्तुळ पुरे करून पुन्हा पुढे आणायचा आणि हात न थांबवता दुसरा फेरा घ्यायचा. असे काही मिनिटे केले की छाती धपापू लागते. ही पद्धत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी उचलली आणि एकोणिसाव्या शतकात ‘इंडियन क्लब’ या नावाने ती इंग्लंड-अमेरिकेच्या व्यायामशाळांत पोहोचली. बडोद्याहून निघालेल्या, द. चिं. मुजुमदार यांनी संपादलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांत या सगळ्या देशी मेहनतीची तपशीलवार नोंद आहे. तालमीचा हेतू मात्र पैलवान घडवण्याचा होता. पाय जायबंदी झालेल्याला तिथेही आधी खाटच दाखवली जाई.

खाटेची किंमत किती मोठी असते, हे नेमके मोजले गेले ते 1966 साली, अमेरिकेत डॅलस येथे. पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरी एक चतुर्थांशाहून जास्त घटली. आजार नसताना नुसत्या पडून राहण्यानेही एवढे नुकसान होते, हे या आकड्यांनी दाखवले.

पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्यांची स्थिती याहून वाईट होती. पहिल्या महायुद्धात असे बहुतेक सैनिक शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावले. 1944 साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी हा शिरस्ता मोडला. रुग्णांना कुशीवर वळवण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे खेळ हाच उपचार मानला. 29 जुलै 1948 रोजी तिथे चाकाच्या खुर्चीतल्या 16 जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली. पॅरालिम्पिकचे मूळ तिथे आहे. त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग येथील शाखेत टिमोथी न्यूजंट यांनी चाकाच्या खुर्चीवरच्या बास्केटबॉलचा विद्यार्थी संघ उभा केला. ती शाखा लष्करी रुग्णालयाच्या जुन्या इमारतींत भरत असे. दमसासाच्या दृष्टीने तिरंदाजीपेक्षा बास्केटबॉल कितीतरी पुढचा, कारण त्यात खुर्ची सतत हातांनीच पळवावी लागते.

पुण्यात पाय गमावलेल्या सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र 1944 सालीच सुरू झाले होते. 1965 च्या युद्धानंतर कण्याच्या दुखापतींचा प्रश्न समोर आला आणि पुढे खडकीला पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळे पडलेल्यांच्या, पुनर्वसन केंद्राची स्थापना झाली. याच युद्धात सियालकोट भागात मुरलीकांत पेटकर गोळ्या लागून जखमी झाले. पेठ इस्लामपूरचे पेटकर लष्कराच्या ईएमई दलात होते आणि मुष्टियुद्धात त्यांनी नाव कमावले होते. मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालू असताना फिजिओथेरपिस्टने त्यांना पोहण्याचा सल्ला दिला.

पेटकरांची कहाणी बहुधा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती जिद्दीची आहेच. पण त्या सल्ल्यामागचे शास्त्रही तितकेच मोलाचे आहे. उभे किंवा बसलेले असताना निकामी पायांत रक्त साठते, कारण ते वर ढकलणारे पोटरी-मांडीचे स्नायू आकुंचन पावत नाहीत. पाण्यात शरीर आडवे असते आणि बाहेरून पाण्याचा दाबही असतो, त्यामुळे रक्त हृदयाकडे सहज परतते. उलट पाय मारता येत नसल्याने कमरेखालचा भाग बुडू पाहतो. पुढे सरकणे आणि अंग सपाट ठेवणे ही दोन्ही कामे हातांवर येतात. म्हणजे थोड्या अंतरात भरपूर मेहनत होते आणि सांध्यांना दणका बसत नाही. पेटकरांनी 1970 मध्ये एडिंबरा येथील राष्ट्रकुल पॅराप्लेजिक क्रीडास्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण मिळवले. 1972 मध्ये हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्याच प्रकारात 37.33 सेकंदांची विश्वविक्रमी वेळ देऊन भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले. पद्मश्री त्यांना 2018 साली मिळाली. उशीर फार झाला.

पाणी सगळीकडे मिळत नाही. त्यासाठी हाताने फिरवायचे पेडलयंत्र आले. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी 1913 मध्ये बनवलेल्या मोजमापाच्या सायकलीसारखेच त्याचे तत्त्व आहे. फक्त पेडल टेबलाच्या उंचीवर बसवलेले असतात. यंत्राचा आस साधारण खांद्याच्या रेषेत ठेवतात आणि पेडल सर्वांत दूर गेल्यावरही कोपर किंचित वाकलेला राहील इतक्या अंतरावर खुर्ची लावतात. हातांचे स्नायू पायांपेक्षा लहान, म्हणून सराव नसलेल्या माणसाला पायांच्या सुमारे दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश एवढीच कमाल क्षमता त्यावर गाठता येते. तेवढ्याच कामाला नाडी आणि रक्तदाब मात्र पायांच्या व्यायामापेक्षा जास्त चढतात. हृदयविकार असलेल्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हे यंत्र देतात, त्याचे कारण हेच. दुखापत छातीच्या वरच्या मणक्यांत असेल तर हृदयाकडे जाणाऱ्या चेतातंतूंचा संपर्क तुटतो आणि नाडी एका मर्यादेपलीकडे वाढतच नाही. अशा वेळी नाडीच्या आकड्यापेक्षा धाप किती लागते, बोलता येते का, यावरून जोर ठरवावा लागतो.

काही आठवड्यांत पाय जमिनीला टेकणार असलेल्या रुग्णाला या यंत्राचा उपयोग मधला काळ तगून जाण्यापुरता असतो. कायम खुर्चीत राहणाऱ्याचे तसे नाही. त्याचे खांदे दिवसभर खुर्ची ढकलतात, पलंगावरून शरीर उचलून नेतात आणि वर व्यायामही करतात. त्यामुळे खांदेदुखी ही त्याच्या वाट्याची नित्याची तक्रार होते. म्हणून पुढे ढकलण्याच्या हालचालींसोबत मागे ओढण्याच्या हालचाली आणि पाठीच्या वरच्या भागाचे व्यायाम त्याच्या वेळापत्रकात मुद्दाम घालतात, आणि हातांना विश्रांतीचे दिवसही नेमून देतात.