बंदिस्त नगरवसाहत

एकाच विकसकाने आखून उभारलेली, सभोवती कुंपणभिंत आणि फाटकावर पहारा असलेली निवासी वसाहत. बोलीभाषेत टाउनशिप. महाराष्ट्रात २००० नंतर आयटी उद्योगाबरोबर पुणे आणि मुंबईच्या उपनगरी पट्ट्यात अशा वसाहती झपाट्याने वाढल्या.

पुण्यातील हडपसरची मगरपट्टा सिटी यांत वेगळी ठरते. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जवळपास ४०० एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे भाग घेतले. शहर वाढते तेव्हा शेतकरी बेदखल होतो. इथे तो भागधारक झाला. इतर बहुतेक वसाहतींना हे श्रेय देता येत नाही.

रहिवाशांना मिळणारी सोय खरी आहे. संध्याकाळी मुले आतल्या रस्त्यावर निर्धास्त सायकल चालवतात, वृद्धांना फिरायला सलग पदपथ मिळतो, वीज गेली तरी लिफ्ट चालू राहते. त्यासाठी दरमहा मेंटेनन्स भरावा लागतो आणि मिळकतकर सुटत नाहीच. नळाला पाणी कमी आले की टँकरचा खर्चही सोसायटीच्या माथी येतो.

फाटकावर मात्र माणसांची प्रतवारी होते. धुणीभांडी करणाऱ्या बाईची पिशवी घरी जाताना उघडून पाहिली जाते. कित्येक ठिकाणी तिने कोणत्या लिफ्टने जायचे हेही ठरलेले असते. जिच्या हाती घराची किल्ली सोपवली, तिला ही वागणूक देणे अन्यायाचे आहे.

सर्वांत मोठी अडचण मालकीची. सदनिका नावावर झाली तरी तिच्याखालची जमीन विकसकाकडेच राहते. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालील महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांनुसार, अनेक इमारतींच्या प्रकल्पात शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर तीन महिन्यांत जमीन सर्व इमारतींच्या सोसायट्यांच्या शिखर संस्थेच्या नावे करायची असते. काम टप्प्याटप्प्याने लांबले की हा मुहूर्तही लांबतो आणि तोवर मोकळ्या जागांबाबत रहिवाशांचा शब्द कच्चा राहतो. विकसकाने मुदत उलटूनही हस्तांतर टाळले, तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे विकसकाच्या सहीशिवाय जमीन नावे होण्यासाठी, अर्ज करता येतो. ही तरतूद २००८ मध्ये मोफा या महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्यात दुरुस्ती करून आणली गेली.