आउटलुक केबिन, जॅस्पर : एका अतिथिकुटीचे दोन जन्म

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील जॅस्पर राष्ट्रीय उद्यानात, बोव्हेर सरोवराच्या काठी जॅस्पर पार्क लॉज हे विश्रामस्थळ वसले आहे. त्याच्या आवारातील ‘आउटलुक केबिन’ ही अतिथिकुटी प्रथम १९३० साली उभी राहिली.

या स्थळाचा आरंभ १९१५ मधील तंबूंच्या वसाहतीने झाला. पुढे कॅनेडियन नॅशनल रेल्वेने ते विकसित केले आणि १९२२ मध्ये लॉज सुरू झाले. १९३९ च्या कॅनडा दौऱ्यात राजे सहावे जॉर्ज व राणी एलिझाबेथ यांचा मुक्काम आउटलुक केबिनमध्ये होता.

महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांना जशी पावसाची धास्ती, तशी येथील लाकडी वास्तूंना आगीची. लॉजची ओंडक्यांची मुख्य इमारत १९५२ मध्ये जळाली. २००० मध्ये आउटलुक केबिनही भस्मसात झाली. पुढच्याच वर्षी ती नव्याने बांधण्यात आली. २००५ मध्ये राणी दुसऱ्या एलिझाबेथ येथे उतरल्या. आईवडिलांच्या मुक्कामाची जागा तीच होती, भिंती मात्र नव्या होत्या.

जुलै २०२४ च्या वणव्यात जॅस्पर गावातील ३५८ वास्तू नष्ट झाल्या. लॉजची मुख्य इमारत आणि आवारातील बहुतेक बांधकामे बचावली.

या कुटीच्या संदर्भात ‘नूतनीकरण’ हा शब्द अपुरा ठरतो. झाली ती पुनर्बांधणी. तिचे वय मोजताना १९३० हे वर्ष परंपरेचे, तर २००१ हे वास्तूचे मानावे.